बुलेटचा मूळ मरून रंग जुळवायचा आहे : टाकी विटकरी, टूलबॉक्स वांगी

डिचोलीकर_९१
१२ जुलै, रात्री १०.२०

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

बाबांची बुलेट ३५० स्टँडर्ड, १९९१ ची, जीए ०१ नंबरची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. बाबा खाणीवर कामाला होते. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत ही गाडी रोज त्या लाल धुळीतून जात-येत होती. टाकीच्या खालच्या जोडात आजही काडी फिरवली की गेरूसारखी माती निघते. इंजिन दोनदा उघडलं, सीट बदललं, सायलेन्सर बदलला, पण रंगाला कुणी हात लावला नव्हता. मरून रंग आणि त्यावर सोनेरी रेघा, कंपनीतून आल्या तशा.

मे महिन्यात गाडी घरासमोरच्या चिऱ्याच्या पायरीवर डाव्या कुशीला पडली. डावा टूलबॉक्स चेपला, पत्रा उघडा पडला. पुढच्या मडगार्डची खालची कडाही गंजून फुगली होती, म्हणून दोन्ही एकदमच करायला जूनअखेर एका गॅरेजात दिलं. त्यांनी शेडकार्डावरून एका चारचाकीचा मरून निवडला, ट्यूबलाइटखाली टूलबॉक्स टाकीला लावून दाखवला. हुबेहूब जुळत होता. पैसे देऊन गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला, ऊन पडलं आणि बाबा ओट्यावरून म्हणाले, "अरे, हा तर वांग्याचा रंग झाला."

खरंच तसं दिसतंय. टाकी विटकरीकडे झुकलेली आणि टूलबॉक्स जांभळट. वर आठ दिवसांत मडगार्डवर मोहरीएवढे फोड आले.

आता दोन मतं पडली आहेत. भाऊ म्हणतो, सगळी गाडी खरवडून एकाच रंगात काढ, जुळवायची भानगडच नको. मला टाकीचा मूळ रंग घालवायचा नाही. एवढे दोनच भाग टाकीशी जुळवून मिळतील का? कंपनीच्या रंगाचा काही कोड असतो का? बुलेट, येझदी, आरएक्स, कुठल्याही जुन्या गाडीचा अनुभव असेल तर लिहा.

रंगारी_फोंडा
१२ जुलै, रात्री ११.५५

डिचोलीकर, आधी एक सांगतो. चतुर्थी होईपर्यंत गाडीला गन, म्हणजे रंग फवारायची बंदूक, लावू देऊ नका. मी २७ वर्षं हेच काम करतोय, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या शेडमध्ये केलेलं काम किती टिकतं ते बघत आलोय.

फोड का आले ते सांगतो. पुट्टी पाणी पिते. चेपलेल्या जागी पुट्टी भरली, वॉटर पेपरने पाणी मारून घासली, वरून पुसली आणि तासाभरात प्रायमर मारला, तर पुट्टीच्या पोटातलं पाणी तिथेच राहतं. ऊन लागलं की ते बाहेर यायला बघतं आणि रंग उचलतं. दुसरं पाणी कॉम्प्रेसरचं. हवा दाबली की तिच्यातला ओलावा कॉम्प्रेसरच्याच टाकीच्या तळाला साचतो. पावसाळ्यात सकाळी खालचा नळ उघडला की पेलाभर पाणी निघतं. ते काढलं नाही की वाऱ्याबरोबर गनमधून थेट पत्र्यावर. मी पुट्टी कोरडीच घासतो, आणि पावसात अगदी अडलंच तर दिव्याखाली रात्रभर ठेवतो.

आता रंगाकडे. तुम्ही जो रंग जुळवायला निघालात तो गाडीचा रंगच नाही. १९९१ च्या बुलेटवर साधा एनॅमल, भट्टीत भाजलेला, वर क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी पारदर्शक लेपाचा, थर नाही. असा रंग ३० वर्षं उन्हात राहिला की वरचा पापुद्रा मरतो, खडूसारखा होतो, आणि मरून विटकरी दिसायला लागतो. हा पापुद्रा केसाएवढाही जाड नसतो, खाली रंग जिवंत आहे. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड (रंग घासून उजळायची पेस्ट) घ्या आणि टाकीच्या मागच्या बाजूला, सीटजवळ, तळहाताएवढ्या जागी हलक्या हाताने फिरवा. फडकं मरून झालं तर वर क्लिअर नाही, हा थेट रंग आहे, आणि तो परत उजळेल. फडकं पांढरंच राहिलं तर कुणीतरी मध्ये कधी तरी क्लिअर मारलंय.

तेव्हा आधी टाकी रबिंग करून मूळ रंगावर आणायची, मगच टूलबॉक्स तिच्याशी जुळवायचा. बहुतेक ठिकाणी उलटं करतात. मळलेल्या टाकीशी रंग जुळवतात, सहा महिन्यांनी कुणीतरी टाकी पॉलिश करतं आणि दोन्ही परत वेगळे दिसतात.

मूळ रंग कसा होता ते बघायचं असेल तर जिथे ऊन पोचलं नाही तिथे बघा. टाकीवरचे गुडघ्याचे रबर काढा. स्क्रू गंजले असतील, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, जोर लावू नका. रबराखाली काय दिसतं ते इथे लिहा.

अस्नोडा_आरएक्स
१३ जुलै, सकाळी ८.१०

रंगारीकाकांनी लिहिलंय त्याला दुजोरा. माझी आरएक्स १०० आहे, १९९५ ची. टाकी एकाकडून करून घेतली, साइड पॅनल महिन्याने त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगाने केले. डबा तोच, गन तीच, माणूस तोच, तरी फरक पडला. माझा रंग मेटॅलिक होता. मेटॅलिकमध्ये धातूचा बारीक चुरा असतो, तो कसा बसतो त्यावर सगळा खेळ असतो. हात ओला पडला तर चुरा खाली बुडतो आणि रंग गडद दिसतो, लांबून कोरडा मारला तर तोच रंग फिका. त्यामुळे मेटॅलिक किंवा कँडी (चमकत्या थरावर पारदर्शक रंग) असेल तर सगळे भाग एकाच दिवशी, एकाच डब्यातून, आणि गाडीवर जसे बसतात त्याच ढंगात टांगून रंगवायचे. टाकी टेबलावर आडवी आणि पॅनल तारेला उभा असं केलं तरी फरक दिसतो, हे मी पैसे घालवून शिकलोय.

तुमचा मरून साधा, बिनचुऱ्याचा आहे. तुमचं काम माझ्याहून कितीतरी सोपं आहे, धीर सोडू नका.

सावंतवाडी_बुलेट
१३ जुलै, सकाळी ९.०२

कोडबद्दल. जपानी घराण्याच्या गाड्यांना सीटखाली किंवा चासीवर स्टिकर असतो, त्यावर रंगाचा कोड मिळू शकतो. होंडाच्या पद्धतीत एनएच म्हणजे काळा, पांढरा, करडा असे रंग, आर म्हणजे लाल. एनएच-१ हा त्यांचा काळा. आपल्या जुन्या बुलेटवर मी असा स्टिकर कधी पाहिलेला नाही. आरसीवर नुसतं "मरून" लिहिलेलं असतं, आणि मरून या एका शब्दात पन्नास शेड बसतात.

माझा अनुभव सांगतो. रंगाच्या मोठ्या दुकानात रंग वाचणारं यंत्र असतं. ते पत्र्यावर सपाट टेकावं लागतं. टाकीच्या गोलाईवर नीट टेकत नाही, कडेने उजेड आत शिरतो आणि आकडा चुकतो. टूलबॉक्सचं झाकण त्यासाठी उत्तम. तुमच्या उजव्या बाजूचा बॉक्स मूळ रंगाचा आहे ना? तोच काढून दुकानात न्या. मोबाइलवर फोटो दाखवून रंग मागू नका, प्रत्येक मोबाइलचा मरून वेगळा.

सत्तरीची_लेक
१३ जुलै, दुपारी १.३०

नमस्कार. मी गाड्यांमधली नाही, शाळेत रसायनशास्त्र शिकवते, पण ट्यूबलाइटखाली जुळला आणि उन्हात फसला हा भाग वाचून राहवलं नाही.

दोन रंग डोळ्याला सारखे दिसले म्हणजे ते सारख्याच रंगद्रव्यांचे असतात असं नाही. कंपनीचा मरून एका प्रकारच्या लाल भुकटीतून बनलेला असेल, दुकानातला दुसऱ्या. दोन्ही रंग प्रकाशातला कुठला भाग शोषतात आणि कुठला परत पाठवतात हे वेगळं असतं. ट्यूबच्या उजेडात काही रंग भरपूर असतात, काही जवळजवळ नसतात. जिथे फरक आहे नेमका तोच भाग त्या उजेडात नसला, तर फरक दिसणारच नाही. सूर्याच्या उजेडात सगळे रंग भरून असतात, तिथे तो उघडा पडतो. साडीच्या दुकानात ब्लाउजपीस जुळवताना आपण दोन्ही घेऊन दारात येतो, ते याच कारणासाठी.

म्हणून नमुना तीन ठिकाणी बघा: सकाळच्या उघड्या सावलीत, थेट उन्हात, आणि रात्री घरच्या दिव्याखाली. तिन्हीकडे जुळला तर रंगद्रव्यंही जवळची आहेत असं समजायला हरकत नाही.

आणि एक कळकळीची सूचना. हार्डनर (रंग घट्ट करणारं रसायन) घालून वापरायचे जे पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन रंग आहेत, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची वाफ आणि फवारा फुफ्फुसात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून काहीही उपयोग नाही. कोळशाच्या साध्या मास्कवरही सगळा भरवसा ठेवता येत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. अंगणात, पोरंबाळं खेळत असताना हे काम कुणीही करू नका.

रंगारी_फोंडा
१३ जुलै, रात्री १०.१५

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या उस्तादांना शेवटची वर्षं जिना चढवत नव्हता. आम्ही तेव्हा रुमालच बांधायचो. आता माझ्याकडे हवेचा मास्क आहे आणि पोरांना त्याशिवाय मी गनला हात लावू देत नाही.

डिचोलीकर_९१
१४ जुलै, रात्री ९.४०

सगळ्यांचे आभार. आज रबर काढले.

काल रात्री स्क्रूंवर तेल सोडलं होतं. डाव्या बाजूचे दोन्ही सहज फिरले, उजवीकडचा एक अर्ध्यावर अडला, त्याला अजून एक दिवस देतो. डावं रबर निघता निघेना, इतकी वर्षं चिकटून बसलेलं. नखाने कड सोडवत सोडवत काढलं. खाली चंद्रकोरीसारखी लाल मातीची ओळ साचली होती, कोरड्या फडक्याने झटकली, मग ओल्या फडक्याने पुसलं.

खाली जो रंग आहे तो मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. विटकरी नाही, वांगीही नाही. डाळिंबी आणि आमसुली यांच्या मधला काहीतरी, ओला असल्यासारखा. त्यावर रबराच्या उभ्या पन्हळी उमटल्या आहेत, बोटाला लागतात. रबराच्या काठाशी दोन्ही रंग शेजारी-शेजारी आहेत, मधली सीमा सुरीने कापल्यासारखी. बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून अगदी जवळून बघितलं आणि म्हणाले, "म्हापशाहून आणली तेव्हा अशी होती." मग बराच वेळ तिथेच उभे होते.

फडक्याची परीक्षाही केली. फडकं मरून झालं. तळहाताएवढी जागा वीस मिनिटं हलक्या हाताने घासली. रबराखालच्या रंगाच्या अगदी जवळ आली, थोडी फिकी आहे. भावाने ती जागा बघितली आणि सगळी खरवडायचा विषय स्वतःच सोडला.

मोरजी_किनारा
१५ जुलै, सकाळी ७.२५

वा! वाचून सकाळ चांगली झाली.

मी समुद्राकाठचा, त्यामुळे माझा सगळा अनुभव गंजाचा आहे. तुमच्या मडगार्डबद्दल लिहितो. कडेला जो फुगवटा दिसतो तो गंजाचा शेंडा, मूळ आतल्या बाजूला असतं. बाहेरून कितीही चकाचक केलं तरी आतून चिखल आणि पाणी लागत राहतं. मडगार्ड काढून उलटं करा, आतली बाजू तारेच्या ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडा. खड्ड्याखड्ड्यांत काळे ठिपके राहतात, त्यांना फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं गंजनाशक लावायचं, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवायचं, मग धुऊन पूर्ण कोरडं करायचं. आणि त्याच दिवशी प्रायमर. आमच्याकडे उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर नारिंगी धूर धरलेला असतो.

अ‍ॅसिड तसंच ठेवून वर प्रायमर मारू नका, काही दिवसांत सगळं सुटून येतं.

रंगारी_फोंडा
१५ जुलै, रात्री ११.३०

बाबांचं वाचून बरं वाटलं. आता पुढचं सांगतो, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत तयारी होईल.

टाकी रबिंग करताना कडा आणि उंचवटे सांभाळा. तिथे रंग मुळातच पातळ असतो, दोन हात जास्त फिरले की खालचा पत्रा दिसायला लागतो. सोनेरी रेघांवर कंपाउंड अजिबात नको. त्या रेघा रंगावर वरून हाताने ओढलेल्या आहेत, निघून जातील. रेघेच्या दोन्ही बाजूंना टेप लावा आणि मगच घासा. मशीन लावू नका, हातानेच करा. दोन-तीन रविवार जातील. शेवटी चांगलं मेण.

टूलबॉक्स आणि मडगार्ड पत्र्यापर्यंत सोलावे लागतील, कारण त्यावरचा नवा रंग फसलेलाच आहे. चेपलेला पत्रा आधी आतून ठोकून शक्य तितका सरळ करून घ्या, पुट्टी फक्त शेवटच्या उणिवेसाठी. मी पुट्टीचा थर दोन मिलीमीटरच्या वर जाऊ देत नाही. मग एपॉक्सी प्रायमर, त्यावर सरफेसर (बारीक ओरखडे भरून पृष्ठभाग सपाट करणारा थर), ४०० आणि मग ६०० चा पेपर.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. लाल आणि मरून रंग झाकायला कमजोर असतात, खालचा रंग त्यांतून डोकावतो. पांढऱ्या प्रायमरवर मारलेला मरून आणि रेड ऑक्साइडच्या विटकरी प्रायमरवर मारलेला मरून वेगळे दिसतात. तेव्हा नमुना पाहायचा तो डब्यात बोट बुडवून नाही. पत्र्याचे चार-पाच तुकडे घ्या, त्यांवर तोच प्रायमर, त्याच गनने तेवढेच हात, आणि पूर्ण सुकू द्या. ओला रंग आणि सुकलेला रंग एक नसतो. मग तो तुकडा टाकीला चिकटवून ताईंनी सांगितलं तसं दारात उभं राहून बघा.

रंग बनवणारा माणूस बसून थेंबाथेंबाने जुळवणारा हवा. यंत्र जवळपास नेऊन सोडतं, शेवटचं अंतर डोळ्यालाच काटावं लागतं. जांभळट वाटला तर त्यात पिवळसर लाल किंवा रेड ऑक्साइडचा थेंब, फार उजळ वाटला तर काळ्याचा, पण काळा अगदी सुईच्या टोकाएवढा. पांढरा घालून उजळ करायला गेलात तर मरूनचा गुलाबी होतो, तिथून परत वाट नाही.

आणि क्लिअर मारू नका. थेट हार्डनरवाला रंगच मारा, दोन-तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडून. क्लिअर मारला की काचेच्या बरणीसारखी चमक येते. ती नव्या गाडीला शोभते. तुमच्या टाकीवर क्लिअर नाही, मग टूलबॉक्सवर असला तर रंग बरोबर जुळूनही दोन्ही वेगळेच दिसणार. रंगाइतकीच चमकही जुळवावी लागते.

थोडा फरक राहीलच. त्याने घाबरू नका. टाकी आणि टूलबॉक्सच्या मध्ये सीट आहे, अंतर आहे, उजेड दोघांवर वेगवेगळ्या बाजूने पडतो. एकाच पत्र्यावर अर्धा नवा आणि अर्धा जुना असेल तर डोळा लगेच पकडतो, मध्ये मोकळी जागा असली की समजून घेतो. म्हणून ठिगळ कधीच नाही, भाग करायचा तर कडेपासून कडेपर्यंत पूर्ण.

साखळी_क्लासिक
१६ जुलै, दुपारी ३.००

माझं मत थोडं वेगळं आहे, पण मांडतो. रबराखाली मूळ रंग सापडला, नमुना हातात आहे. मग पूर्ण गाडीच त्या रंगात का नाही करायची? मी माझी १९८६ ची येझदी अशीच पूर्ण केली. टाकी, मडगार्ड, टूलबॉक्स, हेडलाइटचं घर, सगळं एकसारखं. रस्त्यावर लोक थांबून बघतात. ३० वर्षांची धूळ सांभाळण्यापेक्षा गाडीला तिचं पहिलं रूप दिलं तर काय वाईट?

सावंतवाडी_बुलेट
१६ जुलै, सायंकाळी ६.४५

साखळीकर, तुमच्या येझदीचे फोटो मी पाहिलेत, काम देखणं आहे. पण तुमच्या गाडीवर मूळ रंग उरलाच नव्हता, आधीच दोनदा रंगवली होती, तेव्हा घालवण्यासारखं काही नव्हतं. यांची टाकी अजून कारखान्यातून आली त्या रंगात आहे. भट्टीतला तो रंग आणि त्यावरची हाताने ओढलेली रेघ एकदा खरवडली की कितीही पैसे टाकून परत येत नाही. नवा रंग पुढच्या वर्षीही मारता येईल. जिथे मूळ रंग पत्र्याला धरून आहे तिथे मी पेपर लावणार नाही, मग तो कितीही फिका असो.

साखळी_क्लासिक
१६ जुलै, रात्री ८.२०

हे मान्य. माझ्या गाडीला तो पर्याय नव्हता, हे खरंच.

पर्वरी_वाहनमित्र
१७ जुलै, सकाळी १०.१०

कागदाचं थोडक्यात. आरसीवर मरून आहे आणि तुम्ही मरूनच करताय, तेव्हा काही करायची गरज नाही. रंगच बदलायचा असेल तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद बदलून घ्या, नाहीतर विकताना किंवा फेरनोंदणीला अडतं. १५ वर्षांवरच्या गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी असतेच, तेव्हा तपासणाऱ्याच्या समोर गाडी न्यावी लागते. आणि बुलेटवाल्यांपैकी कुणाच्या मनात मिलिटरी हिरवा असेल तर सोडून द्या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे.

डिचोलीकर_९१
२३ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मंडळी, उशीर झाला, पण काम पुरं झालं. सविस्तर लिहितो, कारण हे सगळं तुम्हीच करून घेतलंय.

टाकी मी आणि बाबांनी मिळून केली. ऑगस्टमधले चार रविवार लागले. सोनेरी रेघांवर टेप लावायचं काम बाबांनी घेतलं, त्यांचा हात माझ्याहून स्थिर आहे. पेट्रोलच्या झाकणाभोवती रंग आधीच उडालेला आहे, तिथे फक्त मेण लावलं, दुसरं काही नाही. बाकी टाकी आता रबराखालच्या रंगापासून अर्धी पायरी मागे आहे.

शेड बनवायला उजवा टूलबॉक्स घेऊन दुकानात गेलो, तोही आधी रबिंग करून. यंत्राने जो पहिला आकडा दिला त्याचा तुकडा ट्यूबखाली सुरेख जुळला आणि दारात आणल्यावर परत जांभळट दिसला. दुकानातला मुलगा धीराचा होता. रेड ऑक्साइडचे थेंब वाढवत नेले. दुसरा तुकडा मातकट, तिसरा फार गडद, चौथा उन्हात बरोबर पण घरच्या दिव्याखाली लालसर. पाचवा तिन्ही ठिकाणी बसला. दोन दिवस गेले त्यात. प्रत्येक तुकड्यावर मागे नंबर आणि थेंबांचा हिशेब खडूने लिहून ठेवत होतो.

गन रंगारीकाकांच्या शेडमध्येच चालली, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस पूर्ण गेल्यावर. त्यांनी सकाळी धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडून घेतलं, कॉम्प्रेसरचा तळ रिकामा केला, आणि मला बाहेर उभं केलं. मोरजीकरांनी सांगितल्याप्रमाणे मडगार्डची आतली बाजू मी आधीच सोलून दिली होती. आत दोन ठिकाणी पत्रा सुईएवढा आरपार गेला होता, तो झाळून घेतला. अर्धा लिटर रंग केला होता, त्यातला बराच उरला.

राहिली रेघ. मूळ टूलबॉक्सवर सोनेरी रेघ होती आणि स्टिकर मला नको होता. आमच्या वाड्यावर गणपतीची चित्रशाळा आहे. तिथले काका दरवर्षी मूर्तींच्या शेल्याचे काठ हाताने ओढतात. त्यांना उजवा बॉक्स नेऊन दाखवला. त्यांनी आधी विचारलं, "पत्रा रंग पितो का?" मी म्हटलं, नाही. मग खारीच्या केसांचा लांब ब्रश काढला, सोनेरी एनॅमलमध्ये बुडवून काचेच्या तुकड्यावर चार-पाच रेघा ओढून बघितल्या, रंग थोडा पातळ केला. बॉक्स मांडीवर घेतला, करंगळी कडेला टेकवली आणि श्वास रोखून एका दमात वळणापर्यंत रेघ नेली. वळणावर थांबले, श्वास सोडला, परत उचलली. जोड कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. पैसे घ्यायला तयार नव्हते, बाबांनी त्यांच्या खिशात घातले.

सकाळी आठला अंगणात गाडी उभी केली तर टाकी, टूलबॉक्स, मडगार्ड सगळं एक दिसतं. दुपारी बाराच्या उन्हात टूलबॉक्स टाकीपेक्षा किंचित गडद वाटतो, ज्याला माहीत आहे त्यालाच. बाबा म्हणाले, टाकीने ऊन जास्त खाल्लंय, टूलबॉक्स सावलीत होता. मला ते पटलं. रंगारीकाका, ताई, सगळ्यांना देव बरें करूं.

अस्नोडा_आरएक्स
२४ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

जबरदस्त! त्या रेघेचा जवळून फोटो टाका. आणि उरलेला रंग कसा ठेवलाय? हार्डनर घातलेला असेल तर घट्ट होऊन जाईल.

डिचोलीकर_९१
२४ नोव्हेंबर, दुपारी १.०५

हार्डनर लागेल तेवढ्यातच घातला होता, उरलेला रंग बिनहार्डनरचा आहे. काठोकाठ भरेल अशा छोट्या डब्यात ओतून, झाकणाला टेप मारून, माडीवर कपाटात ठेवलाय. पाचव्या तुकड्याच्या थेंबांचा हिशेब कागदावर उतरवला, प्लॅस्टिकमध्ये घातला आणि डाव्या टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. तो तुकडाही तिथेच आत ठेवलाय, पान्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळून. फोटो रविवारी टाकतो, सकाळच्या सावलीत काढून.